टोपावरचा उजेड

माझ्या आत्याला सगळा रस्ता ‘हनुवटी वर’ म्हणून ओळखायचा. तिच्या फोटो स्टुडिओत पाऊल टाकणाऱ्याला ती आधी हेच सांगायची, ‘या, बसा’ नंतर. पासपोर्टचे फोटो नि रडकी बाळं यांत तिची वर्षं गेली, आणि तिची त्याबद्दल काही तक्रारही नव्हती. एके दिवशी केसांचे टोप बनवणारे एक गृहस्थ खोकी घेऊन आले.

“ताई, कॅटलॉग करायचाय. पुतळ्याच्या डोक्यावर मजा येत नाही. खरंखुरं टक्कल हवं.”

आत्याने नुसती मान वळवली. कोपऱ्यात आतोबा, म्हणजे तिचे यजमान, पेपर वाचत होते. डोकं छान चकाकत होतं.

“माझ्याकडे का बघताय दोघं?” आतोबांनी विचारलं. पण तोवर स्टूल मांडून झालं होतं.

टोपवाल्यांना पडदा काळाच हवा होता, आणि टोपही काळाकुळकुळीत. पहिल्या फोटोत केस पडद्यात गडप झाले नि आतोबांचा चेहरा तेवढा अधांतरी तरंगत राहिला.

“हे भूत कोण विकत घेईल?” टोपवाले कळवळले.

मग आत्याने मागून, उंचावर, दुसरा फ्लॅशचा दिवा लावला. त्यावर परातीएवढा पसरट रिफ्लेक्टर चढवला. केस उजळले खरे, पण खांदे उजळले, कान तर कंदिलासारखे पेटले, आणि मानेवरची टोपाची शिवणही लख्ख दिसली.

“अहो ताई, तेवढीच तर लपवायचीय!”

परात उतरली, खोल डब्यासारखा अरुंद रिफ्लेक्टर आला. उजेड आवरला, पण शिवण काही लपेना. शेवटी आत्याने त्याच्या तोंडावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसवली, सगळ्यांत बारीक भोकांची. उजेडाचं छोटं वर्तुळ नेमकं केसांवर पडलं. आत्या खूश.

“आता हलू नका हं.”

“छे, नाही हलत,” म्हणत आतोबांनी मान डोलावली. वर्तुळ केसांवरून घसरून मानेवरच्या शिवणीवर गेलं.

“अहो, मान!”

“बरं, बरं,” म्हणून त्यांनी पुन्हा डोलावली.

“लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक बोलण्यावर डोलावताय, आज एक दिवस नाही म्हणा ना!”

आतोबांनी यावरही मान डोलावली. टोपवाले हसता हसता खोक्यावर बसले. आत्या आधी रागावली, मग तिलाही हसू आवरेना. नवरा बदलणं शक्य नव्हतं. जाळी बदलता येत होती. तिने जरा मोठ्या भोकांची जाळी घेतली, म्हणजे वर्तुळात डोलायला जागा झाली, आणि दिवा आणखी वर चढवला. उजेड माथ्यावरून उतरून कानांच्या वरच थांबला. मान काळोखात राहिली. टोपवाल्यांनी निवडला तो नेमका डोलतानाचा फोटो. म्हणाले, “गिऱ्हाईक किती समाधानी दिसतंय!”

आतोबा मात्र टोप काढायला तयार होईनात. तसेच घरी निघाले आणि वाटेत इस्त्रीचे कपडे घ्यायला थांबले.

“ज्यांचे कपडे आहेत त्यांनाच देणार,” इस्त्रीवाला म्हणाला.

“अरे, मीच तो!”

“ते काका वेगळे. त्यांना मी चांगला ओळखतो.”

बरीच हुज्जत झाली. शेवटी आतोबांनी भर रस्त्यात टोप उचलला. इस्त्रीवाल्याने गठ्ठा पुढे केला आणि टोपाकडे बघत अगदी मनापासून विचारलं, “हाही इस्त्री करून देऊ का?”