श्वासामागे चालणारी नाडी

मागच्या खेपेला आमच्या ह्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दारातून परत पाठवलं होतं. बीपी फार वर. लंडनजवळ हाउन्सलोत बस चालवणारा माणूस, डोळ्यापायी कामावरून घरी बसलेला. आजही परत पाठवलं तर पुढची तारीख कधी मिळेल, कोणी सांगत नव्हतं.

म्हणून या वेळी ते तयारीने आले. वेटिंग रूममध्ये बसल्या बसल्या कपालभाती सुरू. पोट आत, नाकातून फुस्‌फुस्‌. शेजारची बाई उठून लांबच्या खुर्चीत गेली.

“अहो, काय चाललंय? कुकर झालाय तुमचा.”

“बीपी उतरतं याने. पुण्याहून ताईने सांगितलंय.”

“ताई येणारेत का इथे मोजायला?”

नर्सने मोजलं, तर आकडा मागच्यापेक्षाही वर. ती म्हणाली, “ते बंद करा आणि शांत बसा. श्वास सावकाश घ्या, सोडताना आणखी सावकाश. मी परत येते. तेव्हाही असंच असेल तर आज जमणार नाही.”

ह्यांचं मनगट मी धरलं ते केवळ त्यांची चुळबुळ थांबावी म्हणून. बोटं नेमकी नाडीवर पडली.

“घ्या. आता सोडा. हळू, घाई कसली? स्टॉप चुकत नाहीये तुमचा.”

“ड्रायव्हर मी आहे की तू?”

“गप्प. सोडा.”

थोड्या वेळाने बोटांखाली काहीतरी वेगळं जाणवलं. श्वास आत गेला की नाडी भरभर पळायची. सुटू लागला की ठोके लांब लांब पडायचे. मला भास वाटला. पुढच्या श्वासाला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्यालाही. हृदय मालकाला न विचारता चालतं, असंच मी आजवर धरून होते. इथे ते नाकातल्या हवेमागे निमूट चाललं होतं. मी देवाधर्मातली बाई नाही. पण सूचना द्यायच्या विसरले आणि ते आपले आपण श्वास घेत राहिले.

नर्सने पुन्हा पट्टा बांधला. आकडा उतरला होता. फार नाही, पुरेसा. श्वासाने किती आणि नुसतं बसण्याने किती, मला सांगता येणार नाही.

“चालेल,” ती म्हणाली आणि त्यांना आत घेऊन गेली.

त्यांचा कोट मांडीवर घेऊन मी स्वतःची नाडी शोधली. श्वास सोडला. ठोके लांबत गेले. इतकी वर्षं हे आत चालू होतं आणि मला पत्ता नव्हता.