आबी रंगाची पिकप

देवाने माणसाला बसण्यासाठी म्हणून जी काही शारीरिक व्यवस्था करून दिली आहे, ती आमच्या साडूंच्या बाबतीत सपशेल वाया गेलेली आहे. तीस वर्षं झाली, मी त्यांना ओळखतो. एवढ्या काळात त्यांना खुर्चीवर बसलेलं मी पाहिलं ते फक्त त्यांच्या लग्नाच्या फोटोत, आणि त्या फोटोतही त्यांचा उजवा पाय पुसट आला आहे, कारण तो हलत होता. हा उजवा पाय सदैव अदृश्य अ‍ॅक्सिलेटर दाबत असतो आणि डावा क्लच. जेवताना, सत्यनारायणाच्या पूजेला, दाढी करून घेताना, कुठेही. एकदा आम्ही दोघं निलंग्याहून लातूरला एसटीने येत होतो. रस्त्यात बैलगाडी आडवी आली. ड्रायव्हरने ब्रेक मारायच्या आधी साडूंनी मारला, तोही असा कचकचून, की पुढच्या बाकाखाली ठेवलेली एका म्हातारीची टोपली करकरली. म्हातारी शांतपणे मागे वळून म्हणाली, "लागला का ब्रेक? लागला आसंल तर पाय काढ बाबा. खाली माजी अंडी हायत."

ही सगळी तगमग एका पिकपपायी. पिकप म्हणजे हल्ली भाजीपाला वाहणारी ती चिमुकली वाहनं नव्हेत. साडूंची पिकप लढाईच्या जमान्यात समुद्रापलीकडून आलेली, गेंड्यासारख्या कपाळाची, पुढे दोन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. निजामाच्या अमलात निलंग्याकडच्या एका जिनिंगमालकाने ती घेतली, आणि तिच्यावर पहिला ड्रायव्हर ठेवला तो साडूंच्या वडिलांना. बापाने लेकाला सरकीच्या पोत्यांवर, हौद्यात खूप हिंडवलं. पण पुढे, शेजारी, कधी बसू दिलं नाही. "ती शेटची जागा हाय," एवढंच म्हणायचे. पुढे जिनिंग बंद पडलं, गाडी लिंबाखाली गेली, तिच्यात कोंबड्या राहू लागल्या, आणि वडील वारले त्या वर्षी साडूंनी ती विकत घेऊन बैलांनी ओढत घरी आणली. त्या दिवशी ते तासभर शेटच्या जागेवर बसून होते म्हणतात. म्हणतात, मी पाहिलेलं नाही.

तेव्हापासून पिकपचा एकेक अवयव दुरुस्त करणं हा त्यांचा संसार आणि उरलेले अवयव नातेवाइकांना वाटणं हा आहेर. आमच्या घरी दाराला अडसर म्हणून पिस्टन आहे. तुळशीभोवती टायरची रिंग आहे. माझ्या मुलाच्या बारशाला त्यांनी चांदीच्या वाळ्यांऐवजी दोन बेअरिंगं आणली होती, म्हणाले, "वाळे वर्षात लहान व्हतात, हे जलमभर फिरंल."

जुन्या पिकपला स्टार्टर असतो, पण तो असतो एवढंच. गाडी सुरू करायची तर ती आधीच उतारावर लावून ठेवावी लागते. हँडब्रेक सोडायचा, आपल्या वजनाने ती घरंगळली की गिअर टाकून क्लच सोडायचा, आणि मग सगळ्या गल्लीला कळतं की गाडी सुरू झाली. त्यामुळे पिकपवाला माणूस अखिल जगाकडे उताराच्या नजरेने पाहतो. साडू घरासाठी प्लॉट बघायला गेले, तेव्हा मालकाने सातबाऱ्याचा उतारा पुढे केला. साडू म्हणाले, "उतारा मागून बगू. आदी उतार दाखवा." लेकीसाठी स्थळ पाहायला गेले. मुलगा शिकलेला, घर दुमजली, माणसं गोड. साडूंनी खिशातून लिंबू काढून त्यांच्या अंगणात ठेवलं. लिंबू जागचं हललं नाही. बाहेर आल्यावर कष्टी होऊन म्हणाले, "स्थळ बरं हाय, पर सपाट हाय." माझ्या मेव्हणीने नवऱ्याला न विचारता होकार कळवून टाकला. आजही लेकीकडे गेले की साडू गाडी दोन गल्ल्या पलीकडे, मारुतीच्या देवळाच्या उतारावर लावतात आणि चालत येतात.

असा माणूस एकटा असता तर आम्ही त्याला कुठे तरी दाखवून आणलं असतं. पण अशी माणसं एकमेकांना वासाने हुडकतात. मुखेडचे एक गुरुजी, अर्धापूरचे एक केळीवाले आणि आमचे साडू, अशी तिघांची तीन पिकपवाली टाळकी महिन्यातून एका रविवारी एकत्र जमत. जमत म्हणजे उतार असेल तिथे जमत. सभा सुरू असताना तिन्ही इंजिनं चालूच असत, त्यामुळे तिघंही ओरडून बोलत आणि कुणालाच काही ऐकू येत नसे. मतभेद होत नसत ते त्यामुळेच. त्यांचा एक नेमही होता. तिन्ही रेडिएटर गळके. पण आपल्या गाडीचं पाणी आपण न्यायचं नाही, दुसऱ्याच्या गाडीचं न्यायचं. मुखेडच्या गाडीत अर्धापूरच्या गाडीसाठी डबा, अर्धापूरच्या गाडीत निलंग्यासाठी. "ज्याची तहान त्यानं भागवली तर मंडळ कशाला?" गुरुजी विचारत.

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेतून सुटलो म्हणून आम्ही पेढे वाटले, पाट्या रंगवल्या, आणि एक-दोन वर्षांत नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीतून साडूंना कागद आला: जुनी वाहनं तपासणीला आणावीत, पुस्तकाप्रमाणे जुळतील त्यांची नोंद नव्या दप्तरी होईल, न जुळणाऱ्यांचा नंबर रद्द. नंबर रद्द म्हणजे गाडी रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे मोडीतच.

साडूंनी गाडीचं नोंदणीपुस्तक उघडलं. इंजिनचा नंबर जुळला. चाकं चार, जुळली. पुढे लिहिलं होतं: 'रंग – मूळ पुस्तकाप्रमाणे.' आणि मूळ पुस्तक निजामाच्या काळातलं, उर्दूत.

खरं तर गाडीवरच पाहायचं. पण इथेच साडूंच्या अस्वस्थ हातांनी घात केला होता. आदल्या वर्षी त्यांनी 'बारकं काम करून राहिलो' असं सांगत गाडीवरचे रंगाचे सगळे थर खरवडले होते: केळीवाल्यांनी हौसेने मारलेला पिवळा, त्याखालचा जिनिंगचा हिरवा, त्याखालचा आणखी कुठला तरी. दाराच्या फटी, सीटखालची जागा, बॉनेटची आतली बाजू. कुठे म्हणून नखभर रंग शिल्लक ठेवला नव्हता. लोखंड आरशासारखं लखलखत होतं आणि त्यात साडूंचा चेहरा उतरलेला दिसत होता. एक मागचा फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं उघडतं दार, तेवढा वाचला असता. पण तो फार पूर्वी बिजागरीतून निखळून हरवला होता. साडू त्याच्यासाठी नांदेडपासून हैदराबादपर्यंतची भंगार दुकानं पालथी घालत होते.

आमच्या गल्लीत एक निवृत्त पेशकार राहत. कोर्टातली सगळी हयात उर्दू कागदांत गेलेली. त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि जाहीर केलं, "आबी."

"आबी म्हंजे?"

"आब म्हणजे पाणी. आबी म्हणजे पाण्याच्या रंगाची."

आता सांगायला हवं, ते साल दुष्काळाचं होतं. बाकी कुठल्याही साली हा प्रश्न सोपा गेला असता. पण त्या साली आमच्यापैकी कुणीही पाणी चार बोटांहून जास्त खोल पाहिलेलं नव्हतं, आणि तेवढ्यात रंग कसला कळणार? रविवारी माझ्या अंगणात मंडळ जमलं, पेशकारांनाही बोलावलं. प्रत्येकाने आपापल्या गावचं पाणी बाटलीत भरून पुराव्याला आणलं होतं. केळीवाल्यांचं कालव्याच्या तळाचं, हिरवट. गुरुजींचं बोअरचं, चुन्याने पांढुरकं. साडूंचं टँकरचं, चहासारखं. माझं नळाचं, आमच्या नळाला आधी हवा येई, मग आवाज, मग गंज, म्हणून ते तांबूस.

"ह्यातलं आबी कोणतं?" साडूंनी विचारलं. उजवा पाय धडाधड हलत होता.

"माझं," केळीवाले म्हणाले. "माझ्या पाण्यावर केळी पिकून राहिलीत."

"तुमचं पाणी न्हाई, शेवाळ हाय," गुरुजी म्हणाले. "पाणी हे मूळचं पांढरं. मी वर्गात शिकवतो."

"गुरुजी, तुमच्या पाण्यानं भिंत रंगवता यील," केळीवाले म्हणाले. "पेशकारसाहेब, तुम्ही सांगा."

पेशकारांनी चारही बाटल्या उन्हात धरल्या. "पुस्तकात आबी लिहिलंय," ते म्हणाले. "कोणत्या तालुक्याचं आब, ते लिहिलेलं नाही." एवढं बोलून तहान लागली म्हणून ते पुरावा क्रमांक दोन पिऊन गेले. उरलेल्या तीन बाटल्या वाया जाऊ नयेत म्हणून साडूंच्या रेडिएटरमध्ये ओतल्या.

तपासणी आठ दिवसांनी, पुढच्या सोमवारी होती. त्याच्या आधीच्या गुरुवारी साडू दुपारी एकटेच आले. साडू कुठेच बसत नाहीत, याला एक अपवाद आहे, तो आता सांगतो: आमच्या परसातला पाण्याचा हौद. त्याच्यावर लोखंडी झाकण होतं, वरून डांबर फासलेलं, त्यावर चुना मारलेला. माझी बायको त्याच्यावर सांडगे वाळत घाली आणि साडू आले की सांडगे उचलून त्यांना जागा करून देई. त्या दिवशीही ते तिथे टेकले. बायको चहा घेऊन गेली, आणि तशीच कप घेऊन माघारी आली. तिचा चेहरा उतरला होता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "दाजींचा पाय हलत नाहीये."

मी डोकावून पाहिलं. खरंच. दोन्ही पाय जमिनीवर, चपलांच्या दुकानात ठेवल्यासारखे. "साडूभाऊ," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बापानं तिला तीस वर्षं जपली. मी घासून घासून घालिवली बगा."

बायकोने चहाचा कप माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "उठा दाजी."

"कामून?"

"उठा म्हणते ना!"

ते उठले. हौदात तेव्हा चार बोटं पाणी होतं, आठ दिवस पुरवायचं. तिने झाकणाची एक कड धरली, मला दुसरी धरायला लावली, आणि आम्ही ते उलटं करून भिंतीला टेकवलं. आतल्या बाजूला, वर्षानुवर्षं उन्हाकडे पाठ आणि पाण्याकडे तोंड करून राहिलेला, एक फिकट निळा रंग होता. पाऊस पडून गेल्यावर, गाळ खाली बसल्यावर, सकाळच्या वेळी विहिरीत दिसतो ना, तसा. कडेला मोडक्या बिजागरीचे दोन कान.

साडूंनी वाकून त्या कानांवरून बोट फिरवलं. "ह्यो... ह्यो तर फाळका!"

"तुम्हीच आणलाय," बायको म्हणाली. "लाकडी झाकण मोडलं होतं, मांजर पडलं होतं हौदात, तेव्हा. 'चार दिवस राहू द्या' म्हणाला होतात. बारा वर्षं झाली."

"अन् तू बोलली नाहीस?" मी ओरडलो. "हा माणूस हैदराबादपर्यंत जाऊन आला!"

"बोलले असते तर झाकण गेलं असतं," ती म्हणाली. "असल्या दिवसांत उघड्या हौदात काय काय पडतं ते तुम्हाला काय माहीत? भरता का तुम्ही पाणी?" मग साडूंकडे वळून, जरा घोगऱ्या आवाजात, "न्या दाजी. मी परात झाकेन."

मी साडूंच्या पायाकडे पाहिलं. उजवा पाय सुरू झाला होता.

तीन दिवसांत गाडी आबी झाली. सोमवारी मंडळातल्या तिन्ही गाड्या कचेरीच्या दारात. साहेब नुकतेच पुण्याकडून बदलून आलेले. त्यांनी रंगाची खात्री काय म्हणून विचारलं. साडूंनी केबिनमधून फाळका काढून रंगाला रंग लावून दाखवला. साहेबांनी मागे जाऊन पाहिलं, तर हौद्याला लाकडाची फळी ठोकलेली.

"अहो, मूळ फाळका आहे तर तो लावला का नाही?"

"साहेब, त्याची जागा हौदावर हाय."

"तेच म्हणतोय मी. हौद्यावर लावा."

"हौद्यावर न्हाई साहेब, हौदावर."

"काय फरक आहे?"

"पाण्याचा," साडू म्हणाले.

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी व्याकरण समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हा साहेबांनी घाईघाईने सही केली.

कचेरीतून साडू परस्पर आमच्याकडे आले. बायकोने परात झाकून वर दगड ठेवला होता. त्यांनी परात उचलून बाजूला ठेवली, फाळका होता तसा, निळी बाजू खाली करून बसवला. ती नको नको म्हणत होती. "मेव्हणीबाई," ते म्हणाले, "गाडीला फळी चालंल. पाण्याला चालत न्हाई." ज्या माणसाने गाडीच्या एका नटबोल्टासाठी माझी सायकल उघडली होती, तो हे बोलत होता. मग ते झाकणावर बसले आणि गुरुवारी राहून गेलेला चहा त्यांनी मागितला.

आता गच्चीवर प्लास्टिकची टाकी आली आहे आणि हौद कोरडा आहे. गुरुजी गेले, त्यांची गाडी मुखेडला कुणाच्या तरी शेतात उभी आहे म्हणतात. केळीवाल्यांना डोळ्यांनी दिसत नाही. मी साडूंना कितीदा म्हटलं, फाळका आता घेऊन जा, गाडी पुरी करा. दर वेळी ते येतात, माझ्या मदतीने झाकण उलटतात, आतला रंग बघतात आणि परत ठेवतात. गेल्या खेपेला झाकण पेलताना आम्हा दोघांनाही धाप लागली. त्यावरच टेकलो. साडूंचा पाय मधूनच हलत होता, मधूनच थांबत होता, आणि थांबला की मी घाबरून चहा हवा का म्हणून विचारत होतो.

"उतारवय आलं साडूभाऊ," मी म्हणालो.

"बरं हाय की," ते म्हणाले. "सपाटीवर आपली गाडी सुरू तरी कवा झाली?"