शिंपल्याच्या मुठीचा चाकू

दुबईतल्या देराच्या बाजारात एका इराण्याच्या दुकानात मी सलग तीन शुक्रवार चाकू बघत होतो. खटका दाबला की पातं सटकन बाहेर येणारे. पितळी मूठ भडक वाटली, शिंगाची जड. शेवटी शिंपल्याच्या मुठीचा घेतला. पातं उघडून हलवून पाहिलं, जराही डुगडुगत नव्हतं. दुबईत फक्त स्वतःसाठी घेतलेली ती माझी पहिली वस्तू. गोदामात त्याने गोण्यांची सुतळी कापायचो आणि खोलीवर नुसती उघडमीट करत बसायचो.

सुट्टीवर रत्नागिरीला आलो. आमच्याकडे दुबईहून आलेल्याची पेटी सगळ्या नातेवाइकांसमोर उघडायची, आणि ज्याने ज्या वस्तूला हात लावला ती त्याची. म्हणूनच चाकू मी पेटीत न ठेवता खिशात ठेवला होता. पण पेटीची दोरी कापायला कुणाला सुरी सापडेना, आणि मी मूर्खासारखा तो बाहेर काढला. मेहुण्यांनी लगेच हात पुढे केला.

"देऊन टाक," अब्बा म्हणाले. "तुला काय, तिकडे दुसरा मिळेल."

दोन वर्षांनी परत आलो तेव्हा मेहुणे अंगणात त्याच चाकूने बांगडे साफ करत होते. खटका घाणीने जाम झालेला, मूठ एका बाजूने फुटलेली.

"तुमच्या दुबईच्या मालात दम नाही," ते म्हणाले. मी हसलो.

त्या खेपेला येताना माझ्या मनगटावर नवं घड्याळ होतं. मुंबईच्या धक्क्यावर कस्टमवाल्यांना ते उघड दाखवलं, आणि आमचं घर दिसू लागल्यावर काढून मोज्यात लपवलं.