फक्कीची रेष

शाळेच्या मैदानावर कबड्डीसाठी फक्की मारायला लागले, की त्या पांढऱ्या भुकटीचा कोरडा वास नाकात जातो आणि मला कोरोनाचं ते वर्ष आठवतं. आम्ही नवरा-बायको ऊसतोडीवरून गावी परतलो, तर गावानं आम्हाला चौदा दिवस वेशीबाहेरच्या शाळेत ठेवलं. उन्हानं पत्रे तडतडायचे, अंगणात लिंबाचा फुलोरा गळायचा. दिवाळीनंतर तोडीला जाताना घरी ठेवलेली माझी लहानगी लेक सासूबाईंचं बोट धरून रोज फाटकापाशी यायची. मधे फक्कीची रेष होती. "हिच्या पल्याड जायचं न्हाई, न्हाईतर आज्जी मरंल," असं सासूबाईंनी तिला बजावलं होतं. त्या भाकरी रेषेवर ठेवायच्या, मागं सरायच्या, मग मी उचलायची. लेक तिकडूनच नव्या फ्रॉकची झालर दाखवायची. मुदत संपली त्या सकाळी मी हात पसरून रेष ओलांडली, तर ती मागं मागं सरकत आज्जीच्या पायांना बिलगली आणि रडत ओरडली, "माय, लांब थांब! आज्जी मरंल!" सासूबाई म्हणाल्या, "जा गं बाई, आता काय होत न्हाई." ती गेली नाही. घरापर्यंत आज्जीचा पदर धरून पुढं चालली, आणि मी जवळ तर आले नाही ना, हे वळून वळून बघत राहिली. आता तिला यातलं काहीच आठवत नाही. परवा कबड्डीचा सामना जिंकल्यावर तीच मैदानातून हाका मारत होती, "माय, आत ये की!" मी निघाले खरी, पण खाली बघितलं तर पाय फक्कीच्या अलीकडंच थांबले होते.