तर्री चाखणारा

आमचं सावजी भोजनालय गांधीबागेच्या मागच्या गल्लीत. आजोबांचे हातमाग बंद पडले आणि आमच्या घरानं धोटा सोडून पळी धरली. स्वयंपाकी माझा मोठा भाऊ. दादाची एक पद्धत होती. मटणाचा गंज उतरवण्याआधी भाकरीचा तुकडा तर्रीत, म्हणजे वर तरंगणाऱ्या लाल तेलात, बुडवायचा आणि खायचा. जितके गंज तितके तुकडे. तुकडे कसले, चतकोर भाकरीच ती! चाखल्याशिवाय एक वाटी बाहेर जायची नाही. त्याचं ते सुटलेलं पोट बघून गिऱ्हाईकही खूश, स्वयंपाकी असा तर मटण कसं असेल! पुढे शुगर निघाली. डॉक्टरांनी तेल बंद करायला सांगितलं, तर घरी येऊन हा म्हणतो, "माहा धंदाच आहे चाखायचा. चाखू नको तर काय नुसता वास घेऊ?"

करोनाची दुसरी लाट आली तेव्हा आमचं नुसतं पार्सल चालू होतं. एका सकाळी दादानं तुकडा खाल्ला आणि वहिनीवर खेकसला, "काय टाकलं वं यात? पाणी? मसाला कुठी गेला?" भिवापुरी तिखटाचा डबा ओढला आणि ओंजळभर तिखट गंजात ओतलं. पुन्हा तुकडा, पुन्हा ओंजळ. ठसक्यानं आमचे जीव चाललेले, आणि हा घामानं निथळत ओरडतोय, मिळमिळीत आहे, मिळमिळीत! वहिनी म्हणाली, "अहो, आमची जीभ जळून राहिली." त्यानं पळी फेकून मारली. तिचं कपाळ फुटलं.

माझं डोकंच फिरलं. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. त्यानं मला गचांडी धरून भिंतीवर आपटलं, मी त्याच्या कानफटात ठेवून दिली. गंज कलंडला, उकळती तर्री फरशीभर झाली, माझे पाय भाजले. "काहून जीव घेऊन राहिले रे एकमेकांचा!" म्हणून आई मधे पडली, तर तिलाही धक्का बसला. दादानं पुन्हा हात उगारला आणि मारायच्या ऐवजी खालीच बसला. तोंड उघडं, ओठ जांभळे. मी त्याला उठवायला गेलो तर अंगाचा चटका बसला. च्यायला! ताप अंगात घेऊन, जीभ गेलेला माणूस आम्हाला चव शिकवत होता.

दवाखान्यात कशीबशी खाट मिळाली. श्वासासाठी त्याला पालथं झोपवायचे, पण पोटामुळे तो पालथा राहीना, ढकलून ढकलून कर्मचारी दमायचे. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "एवढं वजन आणि अशी साखर असली की हा आजार फार जड जातो. त्यात आमच्या औषधानंही साखर चढते. बाहेरचं काही देऊ नका, हात जोडते."

आणि आमची आई? दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेटवर हजर. मटण, वर बोटभर तर्री. डबा आत न्यायला तिनं एका वॉर्डबॉयला पटवूनही ठेवलं होतं. "अंगात ताकद नसन त लढन कशानं तो?" ती म्हणाली. मी डबा हिसकावला आणि भिंतीवर भिरकावला. आईनं पायातली चप्पल काढली. रांगेतल्या लोकांसमोर डोक्यावर, तोंडावर, जिथं लागेल तिथं तिनं मला बदडलं. मी हात आडवा केला नाही. म्हटलं, "मार. पण डबा आत जाणार नाही."

संध्याकाळी दादाचा फोन आला. "आईनं... डबा आणला का गा?"

"नाही मिळणार. तिथलं वरण-दलिया खा."

"एक वाटी रस्सा. बस."

"नाही म्हटलं ना!"

"तुह्या..." त्यानं शिवी काढली आणि तिच्या मध्येच दम तुटला. नुसती घरघर ऐकू येत होती. मी रस्त्यावर उभा राहून वेड्यासारखा ओरडलो, "दे ना! पूर्ण दे शिवी! दे लेका!" नर्सनं फोन बंद केला.

सकाळी दादा गेला.

आई माझ्याशी बोलेना. दिवसकार्य झाल्यावर मी एकदा तिच्यासमोर जाऊन बसलो, तेव्हा तिनं तोंड उघडलं. "उपाशी धाडलं तू माह्या लेकराले."

मी पेटलोच. "मी बरोबर होतो! डॉक्टरले विचार, कोणालेही विचार. त्या रश्श्यानं साखर अजून चढली असती त्याची!"

"मंग?" आई म्हणाली. "मंग काय झालं असतं गा? मेला असता?"