तिसरी ओळ

काकू तीस वर्षं बंदराजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिडं शिवत होत्या, पण समुद्रावर एकदाही गेल्या नव्हत्या. धक्क्याला बांधलेल्या होडीत चढल्या तरी त्यांच्या पोटात ढवळायचं. आणि काकांनी निवृत्त होऊन महिना होत नाही तोच शिडाची होडी घ्यायचं खूळ डोक्यात घेतलं. आत झोपायची सोय असलेली, किनाऱ्याकिनाऱ्याने आठ-पंधरा दिवस फिरता येईल अशी. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस. म्हणे, आता ठरलेल्या थांब्यांवर थांबायचं नाही.

काकूंनी भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. माणूस ऐकेना. तेव्हा त्यांनी एकच अट घातली, होडी मी बघितल्याशिवाय घ्यायची नाही. दुरुस्तीला टाकलेली एक-दोन शिडं न्यायला कधीच कोणी आलं नव्हतं; मालक दुसरं शीड लावून समुद्रावर गेले ते परतलेच नव्हते. ती अजून शेडच्या माळ्यावर होती. काकांचं शीड तिथे जाऊन पडू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

काकांनी पसंत केलेली होडी पांढरीशुभ्र, लांबडी. तिच्या वेगाचं कौतुक चाललं होतं, पण काकूंनी ओळखलं, भुरळ पडली होती ती चाकाची. सुकाणूला अगदी बससारखं चाक होतं. काका त्यामागे बसले आणि सवयीने मान वर करून आरसा शोधू लागले. काकूंनी कपाळाला हात लावला.

पलीकडे आणखी एक विकायला होती. बुटकी, पोटाने गोल, रंग उडालेली. सुकाणूला चाक नाही, नुसता लाकडी दांडा.

"ही म्हणजे आमची आत्या," काका म्हणाले. "जाडजूड, आणि जागची हलायची नाही."

काकू होड्यांकडे बघतच नव्हत्या. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं; दोन्ही होड्यांची शिडं उलगडत बसल्या. वारा वाढला की शीड खालून गुंडाळून लहान करतात, त्यासाठी त्यात पितळी कड्यांच्या आडव्या ओळी असतात; वारा जितका जोराचा, तितकी वरची ओळ दोरीने बांधायची. पांढरीच्या शिडाला दोन ओळी, कड्या चकचकीत, दोरी कधी लागलेलीच नाही. बुटकीच्या शिडाला तीन. तिसरी बघून काकू थबकल्या. टाका त्यांचाच होता. वीस वर्षांपूर्वी एक शाळामास्तर तिसरी ओळ हवीच म्हणून हटून बसले होते, आणि अख्ख्या शेडने त्यांची टिंगल केली होती. एवढा वारा असेल तर मास्तर घराबाहेर पडतील कशाला?

ती ओळ झिजली होती. कड्या घासून गुळगुळीत झाल्या होत्या, दोरा पिंजला होता.

"अहो, इथे हात लावून बघा," काकू म्हणाल्या. "तसल्या वाऱ्यात ही एकदा नाही, कितीदा तरी सापडली आहे. आणि तरी शीड माझ्या हातात आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे दर वेळी परत आली. पांढरीचं मला माहीत नाही, आणि तुम्हाला पाठवून ते बघायचंही नाही. मला फार भीती वाटते हो."

इतकं सरळ त्या कधी बोलल्या नव्हत्या. काका बराच वेळ त्या ओळीवरून अंगठा फिरवत राहिले. मग बुटकीत उतरले आणि दांडा धरून पाहिला.

"हा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे जाणार. सगळंच उलटं."

"शिकाल."

त्यांनी आत वाकून पाहिलं. "झोपायला दोन बाक आहेत. एवढी परत येणारी आहे म्हणतेस, मग दुसरा रिकामा का ठेवायचा?"

पुढच्या आठवड्यात काकूंनी तिसरी ओळ उसवून नव्या दोऱ्याने दुहेरी शिवली. मग गाद्यांचं कापड बेतलं, दोन्ही बाकांच्या मापाचं, आणि काकांना औषधाच्या दुकानातून उलटीच्या गोळ्या आणायला पाठवलं.