बाबाचे डोळे कोणाले गेले

चष्मा काढायचं लेझर ही मूळची माझी गोष्ट. कॉलेजात होती तेव्हापासून मी घरात त्याचीच रट लावून होती. अन् लहान बहिणीचं लग्न ठरल्याबरोबर बाबा म्हणाले, "आधी लहानीचं होऊन जाऊ दे. तुले कोणती घाई आहे?" माझा असा जळफळाट झाला म्हणून सांगू! खिडकीजवळचा पलंग तिले, नवीन मोबाईल तिले, अन् आता डोळेही आधी तिचेच.

सोबत जायचं मात्र माझ्याच नशिबी. स्कूटी मी चालवली, ती मागं बसून होणाऱ्या नवऱ्यासंगं फोनवर खिदळून राहिली होती. दवाखान्यात डॉक्टर मॅडमही तिच्याशीच बोलत होत्या. मी आपली बाजूच्या स्टुलावर. मॅडमनी विचारलं, "घर में किसी की आँखों में सफ़ेद दाग?" लहानी पटकन म्हणे, "नहीं." मले राहवलं नाही. मी मधातच बोलली, "बाबा के हैं न! पर वो तो कोक ओव्हन के हैं."

बाबाची सारी नोकरी स्टील प्लांटात, कोळशाच्या त्या भट्ट्यांवर गेली. त्यांच्या बुबुळात पांढरे कण आहेत. सकाळी डोळे उघडताना टोचतात, पाणी येते. घरी पाहुणे आले की बाबा पापणी वर करून दाखवत, "हे पाहा, प्लांटची निशाणी." मंग शेजारचे काका बाही सरकवून आपला भाजल्याचा डाग दाखवत. आमचा सेक्टर म्हणजे सारी प्लांटवाल्यांचीच वस्ती, तिथं याच्यावर कोणी काहून शंका घेईल? काकाही त्याच भट्टीवर होते अन् त्यांचे डोळे साफ होते, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

मॅडमचा लिहिता हात थांबला. "दोनों आँखों में एक जैसे?" मी हो म्हटलं. मंग त्यांनी समजावलं. हा आजार मायबापाकडून लेकराले येतो, सगळ्याच लेकरांले येईल असं नाही. सुरुवातीले डोळा वरून चांगला दिसतो. पण त्याच्यावर लेझर मारलं की कण वाढत जातात, नजर धुरकट होते. जीन टेस्ट झाल्याबिगर मी मशीनले हात लावणार नाही, म्हणे. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, तिच्याही अन् माझ्याही. घरी आम्ही फक्त तारीख पुढं गेली म्हणून सांगितलं.

रिपोर्ट येईपर्यंत लहानी रडकुंडीले आली होती. मी तिले चहा करून देत होती अन् मनात म्हणत होती, देवा, निघायचं असेल त हिचंच निघू दे. एकदा तरी वाईट ते तिच्या वाट्याले जाऊ दे!

तिचा रिपोर्ट साफ आला. माझ्यात ते निघालं. म्हणजे मले जन्मभर चष्मा, लेझरचं नावही काढायचं नाही. पुढं डोळे कसे राहतील, ते दर वर्षी तपासत राहायचं. लहानीनं गळ्यात पडून "ताई, सॉरी ना" म्हटलं, तेव्हा तिले ढकलून द्यावं वाटलं. सॉरी म्हणे! आतून किती खुश होती ते मले दिसत नव्हतं काय?

बाबाले मीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, रोजच्यासारखी त्यांच्या डोळ्यात ड्रॉप टाकत होती तेव्हा.

"बाबा, हे प्लांटचं नाही. आपल्या रक्तातलं आहे. टेस्टमधी निघालं. लेकरांले जाते हे."

बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. मले वाटलं, आता विचारतील, बेटा, तुले त त्रास नाही ना होत?

"लहानीले त नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "मले आहे."

"चला," बाबांनी मोठा श्वास सोडला. "देवानं वाचवलं."

मी म्हटलं, "दुसरा डोळा उघडा."